कोड चालतो, पण जमलेला नाही: सॉफ्टवेअर डिझाइनची जाण कशी येते? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कोड चालतो, टेस्ट पास होतात, तरी रिव्ह्यू करणारा म्हणतो, ‘हे काही जमलेलं नाही.’ त्याला असं काय दिसतं जे आपल्याला दिसत नाही? नोकरीची पहिली काही वर्षं उलटली की बहुतेक इंजिनिअर या प्रश्नापाशी येऊन थबकतात. पुढची उत्तरं त्यांच्यासाठी. काही लांबलचक आहेत, काही दोन-चार ओळींत आटोपलेली.

डिझाइनची जाण म्हणजे नेमकं काय? हा आवडीनिवडीचा मामला नाही का?

काही अंशी आहे. टॅब की स्पेस, कंस त्याच ओळीवर की खालच्या, या गोष्टी आवडीच्या. त्यावर वाद घालण्यात अख्खी दुपार जाते आणि हाती काही लागत नाही. गो भाषेने तर फॉरमॅटिंगचं टूलच सोबत देऊन हा वाद जवळजवळ मिटवून टाकला. इथे बोलतोय ती जाण वेगळी. दोन रचना समोर आहेत, दोन्ही आज व्यवस्थित चालतात. उद्या बदल करायची वेळ आली की त्यांतली कोणती रडवेल, हे आधीच ओळखता येणं म्हणजे ती जाण.

याचं एक छान उदाहरण लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २०१६ मध्ये टेडच्या मंचावर दिलं होतं. एकेरी लिंक्ड लिस्टमधून, म्हणजे प्रत्येक घटक (नोड) फक्त पुढच्याचा पत्ता ठेवतो अशा साखळीतून, एक नोड काढायचा आहे. कॉलेजात शिकवतात ती पद्धत अशी: ‘आधीचा’ आणि ‘सध्याचा’ असे दोन पॉइंटर (पत्ता धरून ठेवणाऱ्या जागा) घेऊन पुढे सरकायचं आणि नोड सापडला की आधीच्याला त्याच्या पुढच्याशी जोडून टाकायचं. पण काढायचा नोड पहिलाच निघाला तर त्याच्या आधी कोणीच नाही. म्हणून एक ‘इफ’ घालायचा आणि त्यात लिस्टचं हेड (पहिल्या नोडकडे बोट दाखवणारा पॉइंटर) बदलायचं. दुसऱ्या पद्धतीत नोडचा पत्ता धरून चालायचंच नाही. त्या नोडकडे जो पॉइंटर बोट दाखवतोय, त्या पॉइंटरचा पत्ता धरायचा. मग तो पॉइंटर हेड आहे की मधल्याच कुठल्या नोडचा ‘नेक्स्ट’ आहे, याने काही फरक पडत नाही. सापडला की तिथे पुढचा पत्ता लिहायचा. ‘इफ’ची गरजच उरत नाही.

ओळी किती वाचल्या हे मोजत बसू नका. पहिला नोड ‘खास’ का झाला होता, ते बघा. आपण ज्या बाजूने लिस्टकडे पाहत होतो, त्या बाजूनेच त्याला खास केलं होतं. आपल्या कोडमधल्या प्रत्येक ‘इफ’ला हेच विचारता येतं: तू खऱ्या नियमातून आलास की माझ्या मांडणीतून? ‘परताव्याची मुदत संपली असेल तर पैसे परत करू नका’ हा खरा नियम. तो कुठेतरी लिहावाच लागेल. ‘यादी रिकामी असेल तर वेगळं करा’ हा बहुतेक वेळा मांडणीचा दोष असतो.

ही जाण उपजत असते की कमावता येते?

कमावता येते. मात्र नुसती वर्षं भरून येत नाही. अंदाज बांधला, तो बरोबर आला की चुकला हे पाहिलं, असं पुष्कळदा घडावं लागतं. आपल्या धंद्यात अडचण अशी की रचना चुकल्याचं कळायला वर्ष-दीड वर्ष लागतं आणि तोवर माणूस दुसऱ्या टीममध्ये, नाहीतर दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो. परिणाम भोगतो भलताच कोणी. म्हणूनच दहा वर्षांच्या अनुभवानंतरही काहींची नजर तयार झालेली नसते.

यावर एक साधा उपाय आहे. मोठा निर्णय घेताना अर्ध्या पानाची नोंद करा: काय ठरवलं, कोणता पर्याय सोडला, पुढे काय बदलेल असं वाटतं आणि काय अजिबात बदलणार नाही असं वाटतं. शेवटचे दोन मुद्दे सर्वांत महत्त्वाचे, आणि नेमके तेच लोक लिहीत नाहीत. मग वर्षभराने नोंद उघडा. टीम सोडली असेल तरी जुन्या सहकाऱ्याला फोन करून विचारता येतं, ‘अरे, त्या मॉड्यूलचं पुढे काय झालं रे?’

एखादी रचना चांगली आहे की नाही, हे तपासायची काही पद्धत आहे का?

आहे, आणि ती पन्नासहून अधिक वर्षं जुनी आहे. १९७२ साली संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी एका छोट्या प्रोग्रॅमची दोन प्रकारे फोड करून दाखवली. प्रोग्रॅमचं काम सोपं: काही ओळी घ्यायच्या, प्रत्येक ओळीतले शब्द एकेक करून पुढून मागे फिरवत सगळी रूपं तयार करायची आणि ती अकारविल्हे लावून छापायची.

पहिली फोड कोणालाही सुचेल अशी. वाचणारं मॉड्यूल, शब्द फिरवणारं, क्रम लावणारं, छापणारं. कामाच्या पायऱ्या जशा, तशी मॉड्यूल्स. फ्लोचार्ट काढला की आपोआप हीच फोड समोर येते. अडचण अशी की ओळी मेमरीत कशा साठवल्या आहेत, हे यातल्या जवळजवळ प्रत्येक मॉड्यूलला माहीत असतं. साठवण्याची पद्धत बदलायची म्हटली की सगळीकडे हात घालावा लागतो.

दुसऱ्या फोडीत पार्नास यांनी आधी पाहिलं की कोणते निर्णय पुढे बदलू शकतात. मग त्यातला एकेक निर्णय एकेका मॉड्यूलच्या पोटात लपवला. ओळी कशा साठवायच्या हे फक्त एका मॉड्यूलला ठाऊक; बाकीचे त्याला विचारतात, ‘अमुक ओळीतल्या अमुक शब्दाचं तमुक अक्षर दे.’ फिरवलेली रूपं खरोखर साठवायची की मागितल्यावर तयार करायची, हेही असंच आत दडलेलं. दोन्ही प्रोग्रॅमचं आउटपुट एकच. फरक कळतो तो बदल करताना.

हीच गोष्ट आपल्या कोडवर करून बघा. पुढच्या वर्षभरात होऊ शकतील असे पाच बदल लिहून काढा. कल्पनेच्या भराऱ्या नकोत. प्रॉडक्टवाल्यांच्या तोंडून दोनदा तरी ऐकलेले बदल घ्या. प्रत्येकासाठी किती फाइल उघडाव्या लागतील, ते मोजा. एखादा बदल सात ठिकाणी जात असेल, तर त्या सातही जागांना एकच गुपित माहीत आहे. ते कोणतं, हे शोधलंत की काय दुरुस्त करायचं ते कळलं.

जाता जाता: हल्लीच्या बऱ्याच मायक्रोसर्व्हिसेस (एका सिस्टिमचे वेगवेगळे चालणारे छोटे प्रोग्रॅम) ही पार्नास यांची पहिली फोडच असते, फक्त मध्ये नेटवर्क आलेलं. चार सर्व्हिसेस एकाच टेबलच्या कॉलमांवर अवलंबून असतील, तर त्या वेगवेगळ्या आहेत असं फक्त आकृतीत दिसतं.

इतकं कशाला? डिझाइनचे नियम ठरलेले आहेत. ते पाळले की झालं ना?

नियम म्हणजे कोणाच्या तरी अनुभवाचा सारांश. त्यामागचं कारण हरवलं की नियम उलटा काम करू लागतो.

‘कोडची पुनरावृत्ती नको’ हा नियम घ्या. ग्राहकाचा पत्ता तपासणारं फंक्शन आणि पुरवठादाराचा पत्ता तपासणारं फंक्शन आज अक्षरशः सारखं आहे, म्हणून कोणीतरी दोन्ही एकत्र केली. पुढच्या महिन्यात पुरवठादाराला कर नोंदणी क्रमांक सक्तीचा झाला. फंक्शनला एक बूलियन, म्हणजे ‘हो की नाही’ सांगणारा, पॅरामीटर चिकटला. मग परदेशी ग्राहकांना पिनकोड नको, दुसरा बूलियन. काही दिवसांनी कॉल करताना ‘ट्रू, फॉल्स, फॉल्स, ट्रू’ अशी माळ दिसते आणि कुठल्या ‘फॉल्स’चा अर्थ काय, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. त्या दोन फंक्शनांमधलं साम्य योगायोगाचं होतं. बदलाची कारणं वेगळी, बदल मागणारी माणसं वेगळी. एकच माहिती दोन ठिकाणी लिहू नका, असं तो नियम सांगत होता. दिसायला सारख्या ओळींबद्दल तो काही म्हणत नव्हता.

दुसरं उदाहरण ‘गोटू’चं, म्हणजे प्रोग्रॅमला कोडमधल्या दुसऱ्या जागी थेट उडी मारायला लावणाऱ्या आज्ञेचं. १९६८ साली संगणकशास्त्रज्ञ डाइकस्ट्रा यांचं ‘गोटू’विरुद्धचं पत्र छापून आलं आणि तेव्हापासून ‘गोटू’ म्हणजे पाप. त्यांचा मुद्दा मात्र नेमका होता: कोड वाचताना प्रोग्रॅम आत्ता कुठवर पोचलाय हे कळलं पाहिजे, आणि वाटेल तिथे उड्या मारल्या की ते कळेनासं होतं. आता लिनक्स कर्नल, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, बघा. त्यात ‘गोटू’ भरपूर सापडतात, आणि कर्नलची स्वतःची कोडिंग शैलीच ते सुचवते. एकामागून एक मेमरी, लॉक वगैरे घेत जायचं. मध्येच काही बिनसलं तर फंक्शनच्या तळाशी उडी मारून घेतलेलं सगळं उलट्या क्रमाने सोडायचं. उडी एकाच दिशेला, ठरलेल्या कामासाठी. डाइकस्ट्रांची चिंता तिथे लागूच होत नाही. ज्याला नियमच तेवढा ठाऊक आहे, तो रिव्ह्यूमध्ये इथे लाल शेरा मारेल.

गाजलेल्या टूल्सचं डिझाइनही वाईट असतं. मग आपणच का डोकं शिणवायचं?

वाईट असतं हे खरंच. पण ते नेमकं कुठे वाईट आहे, ते बघण्यासारखं आहे.

कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या गिट या टूलचा गाभा अतिशय सुबक आहे. ब्लॉब (फाइलचा मजकूर), ट्री (फोल्डर), कमिट (जपलेली आवृत्ती) आणि टॅग (तिला दिलेलं नाव), एवढ्या चारच प्रकारच्या वस्तू. प्रत्येकीचं नाव तिच्या मजकुराच्या हॅशवरून, म्हणजे मजकुरातून गणिताने काढलेल्या ठशावरून, ठरतं. ब्रँच म्हणजे एका कमिटकडे बोट दाखवणारी चिठ्ठी. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं गिट आपोआप समजतं. आणि वरच्या कमांड? ‘चेकआउट’ ही एकच कमांड ब्रँचही बदलायची आणि फाइलमधले न जपलेले बदल पुसूनही टाकायची. २००५ मध्ये सुरू झालेल्या टूलमध्ये ही दोन कामं ‘स्विच’ आणि ‘रिस्टोअर’ अशी वेगळी व्हायला २०१९ उजाडलं, आणि जुनी कमांड आजही तशीच आहे, कारण ती लाखोंच्या बोटांत बसली आहे.

जावाच्या पहिल्या ‘डेट’ क्लासमध्ये महिने शून्यापासून आणि वर्षं १९०० पासून मोजली जात. चांगला पर्याय भाषेत यायला २०१४ मधली आठवी आवृत्ती लागली; जुना क्लास अजून हलवता आलेला नाही. प्रोग्रॅम बांधायच्या ‘मेक’ टूलच्या मेकफाइलमध्ये कमांडच्या आधी टॅबच लागतो, स्पेस चालत नाही. हे १९७६ पासून. वेबच्या एचटीटीपी नियमांमधल्या ‘रेफरर’ (आधीचं पान सांगणाऱ्या) हेडरच्या स्पेलिंगमध्ये एक ‘आर’ कमी आहे, आणि तो आता कमीच राहणार.

या सगळ्यांत एक धागा आहे. आतला कोड पुढे कधीही बदलता येतो. दुसऱ्या कोणी वापरायला सुरुवात केलेली सीमा दगडासारखी घट्ट होते. तेव्हा आपली सारी चिकित्सा प्रत्येक ओळीवर सारखी वाटत बसायची गरज नाही. एपीआय, फाइल फॉरमॅट, डेटाबेसचं स्कीमा, इव्हेंटमधल्या फील्डची नावं: इथे हट्टी व्हा, दोनदा कागदावर काढा, वापरणाऱ्याच्या बाजूने नमुना कोड लिहून बघा. एखाद्या फंक्शनच्या पोटातला लूप जरा ओबडधोबड आहे? असू द्या की.

अडचणी आणि बंधनं असताना चांगलं डिझाइन जमतं का?

बहुतेक वेळा त्यांच्यामुळेच जमतं. अक्षरं बाइटमध्ये साठवायची यूटीएफ-८ ही पद्धत बघा. १९९२ मध्ये केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी ते आखलं. जगातल्या साऱ्या लिप्या सामावायच्या, आणि तरी अक्षर म्हणजे एक बाइट असं धरून चाललेला जुना कोड मोडायचा नाही, असा पेच होता. त्यांनी असं ठरवलं की जुनी आस्की (इंग्रजी अक्षरं, अंक, चिन्हं यांच्या संचातली) अक्षरं जशीच्या तशी राहतील आणि त्यांचे बाइट इतर कुठल्याही अक्षराच्या पोटात कधी येणार नाहीत. त्यामुळे फाइलच्या पाथमध्ये ‘/’ शोधणारा जुना प्रोग्रॅम काही न बदलता देवनागरी नावांवरही चालतो. शिवाय अक्षराच्या पहिल्या बाइटची ठेवण वेगळी आणि पुढच्यांची वेगळी, म्हणून मजकुराच्या मध्येच कुठेही उतरलात तरी अक्षर कुठे सुरू होतं ते लगेच सापडतं. बंधन नसतं तर कदाचित प्रत्येक अक्षराला सरळ चार बाइट देऊन मोकळे झाले असते.

अनुभव वाढला तसं माझं डिझाइन जास्तच गुंतागुंतीचं होऊ लागलंय. असं का?

‘द मिथिकल मॅन-मंथ’ या पुस्तकाचे लेखक फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच या दुखण्याचं वर्णन केलं होतं. माणसाची पहिली सिस्टिम जपून, हात राखून बनते. त्या वेळी बाजूला ठेवलेल्या सगळ्या हौशी तो दुसरीत भागवतो. दुसरीच सिस्टिम सर्वांत धोक्याची.

लक्षणं ओळखीची आहेत. ज्याला एकच क्लास वापरणार आहे असा इंटरफेस. ‘पुढेमागे लागेल’ म्हणून ठेवलेला कॉन्फिगरेशनचा पर्याय, जो कोणी कधी बदलला नाही. तीन ठिकाणी चालेल असं जेनेरिक फ्रेमवर्क, आणि वापर एकाच ठिकाणी. माझं मत विचाराल तर दुसरा खरा वापर समोर येईपर्यंत ॲब्स्ट्रॅक्शन, म्हणजे अनेक ठिकाणी चालेल अशी सामायिक रचना, करू नये. तिसरा आला तर फार उत्तम. चुकीचं ॲब्स्ट्रॅक्शन उकलण्यापेक्षा दोन ठिकाणी सारखा कोड असलेला परवडतो.

डेडलाइन डोक्यावर असते. एवढा विचार करायला वेळ कुठून आणायचा?

वेळ थोडाच असेल तर तो डेटाच्या आकारावर घालवा. ऑर्डरच्या टेबलात ‘पैसे भरले’, ‘पाठवली’, ‘रद्द केली’ असे तीन बूलियन कॉलम टाकले की ८ अवस्था शक्य होतात. त्यांतल्या खऱ्या चार-पाच. बाकीच्या, म्हणजे पैसे न भरता पाठवलेली आणि वर रद्दही केलेली वगैरे, प्रॉडक्शनमध्ये कधीतरी उगवतातच, आणि मग प्रत्येक रिपोर्टमध्ये त्यांच्यासाठी वेगळा ‘इफ’. एकच ‘स्थिती’ कॉलम ठेवायला वीस मिनिटं जास्त लागली असती.

संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६५ मध्ये अल्गोल डब्ल्यू भाषेत ‘नल’ (कशाकडेच बोट न दाखवणारा संदर्भ) आणला तो बनवायला सोपा होता म्हणून. २००९ मध्ये त्यांनीच त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. जी अवस्था असायलाच नको ती लिहिताच येणार नाही अशी मांडणी केली, की पुढचा बराच कोड लिहावाच लागत नाही. डेडलाइनवाल्यांनी तर हे आधी करावं.

नावांवर एवढा काथ्याकूट का?

नाव सुचत नसेल तर ती वस्तू बहुधा दोन कामं करते आहे. ‘हँडल’, ‘प्रोसेस’, ‘मॅनेजर’, ‘युटिल’ असे शब्द हाताशी येऊ लागले की नाव शोधणं थांबवा आणि फंक्शन फोडा.

रिव्ह्यूमध्ये ‘मला हे पटत नाही’ असं सांगितलं की भांडण होतं. कसं सांगावं?

पटत नसल्याचं कारण होणाऱ्या परिणामांच्या भाषेत मांडा. ‘हे क्लीन नाही’ यावर समोरचा काय करणार? त्याऐवजी असं लिहा: ‘उद्या दुसरा पेमेंट पर्याय आला तर या तीन फाइल बदलाव्या लागतील असं दिसतंय. तो येणार नाही याची खात्री असेल तर असू दे.’ आता बोलणं वस्तुस्थितीवर आलं. कदाचित त्याला माहीत असेल की तो पर्याय कायमचा रद्द झालाय. मग तुमचीच हरकत गळून पडते. आणि परिणाम सांगताच येत नसेल, तर ती आवड आहे असं समजून कमेंट खोडून टाका. सिनियर असाल तर हे दुप्पट लागू. तुमची नुसती आवडसुद्धा ज्युनियर आदेश समजून अमलात आणतात, आणि मग त्यांची स्वतःची नजर तयार होत नाही.

आता कोड एआय लिहितो. मग ही जाण कशाला हवी?

कोड लिहिणं स्वस्त झालं, तो सांभाळणं झालं नाही. पूर्वी वाईट रचना हाताने टाइप करावी लागायची, तेव्हा कंटाळा येऊन तरी माणूस थांबायचा. आता तीच रचना दहा फाइलींत, टेस्टसकट, क्षणात येते आणि दिसायलाही नीटनेटकी असते. कोणती सीमा कुठे आखायची आणि आलेल्यातलं काय ठेवायचं नाही, हे ठरवणं माणसाकडे उरलं आहे. फायदाही आहे: एकाच प्रश्नाच्या तीन वेगळ्या रचना मागून शेजारी ठेवता येतात आणि वर सांगितलेले पाच बदल तिन्हींवर लावून बघता येतात. एवढी तालीम पूर्वी कोणाला परवडत नव्हती.

वाचायचं तर कोणाचा कोड वाचू आणि कसा?

छोटा, जुना आणि अजून वापरात असलेला. लुआ भाषेचा कोड त्यासाठी फार चांगला: सी भाषेतल्या सुमारे ३०,००० ओळी. १९९३ पासून ब्राझीलच्या एका विद्यापीठात घडलेली ही भाषा. ॲरे, डिक्शनरी, ऑब्जेक्ट, मॉड्यूल, सगळ्यांसाठी मिळून ‘टेबल’ ही एकच रचना. भाषेत नवी गोष्ट घालायची तर तिच्या तिन्ही कर्त्यांचं एकमत लागायचं, आणि त्यामुळे कितीतरी गोष्टी आत आल्याच नाहीत.

वाचताना पहिल्या फाइलपासून शेवटपर्यंत जाऊ नका, झोप येईल. आधी हेडर फाइल उघडा आणि बाहेरच्यांना काय दिसतं ते बघा. मग स्वतःला विचारा, हे मी कसं केलं असतं? कागदावर ढोबळ आराखडा काढा आणि त्यानंतरच आतला कोड उघडा. जिथे तुमचा आराखडा आणि त्यांचा कोड वेगळा निघेल, तिथे थांबा आणि दोन्हींची कारणं शोधा. तुमचं बरोबर असण्याचीही शक्यता असते. कमिटचा इतिहास उपलब्ध असेल तर ज्या कमिटमध्ये कोड कमी झालाय ती आधी वाचा.